दोन राजधान्या आणि मधला घाट : उलव्याहून गाडीने रायगड-सातारा

रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. जवळपास चौतीस वर्षांनी, १२ जानेवारी १७०८ रोजी, त्यांचे नातू शाहू महाराज साताऱ्यात गादीवर बसले. मराठ्यांच्या या दोन राजधान्यांमध्ये सरळ रेषेत नव्वद किलोमीटरही अंतर नाही. गाडीने मात्र रायगडाच्या पायथ्यापासून साताऱ्यापर्यंत दीडशेच्या आसपास किलोमीटर पडतात. रायगड कोकणात आहे, सातारा देशावर आणि मध्ये सह्याद्री उभा आहे.

नवी मुंबईतल्या उलव्याहून निघालं, तर या दोन्ही राजधान्या आणि वाटेवरचा प्रतापगड तीन दिवसांत निवांत बघून परत येता येतं. त्यासाठी खासगी गाडी सर्वांत सोयीची. एसटीने महाड आणि सातारा दोन्ही गाठता येतात, पण रायगडाच्या पायथ्याचं पाचाड, प्रतापगडाचा फाटा, वाईचा घाट अशा ठिकाणी हवं तिथे उतरायचं, हवं तितकं थांबायचं, तर गाडी आपली लागते. या प्रवासाचं भाडं दिवसांवर ठरतं आणि वेळापत्रक घाटावर. हे दोन हिशेब आधी नीट मांडले, की बाकीचं सोपं होतं.

गाडी : आपली, ड्रायव्हरसह की सेल्फ ड्राइव्ह

पहिला प्रश्न गाडी कुणाची. घरची गाडी असेल आणि चालवणाऱ्याला घाटाची सवय असेल तर दुसरं काही बघायला नको. सवय नसेल, किंवा घरात चालवणारी व्यक्ती एकच असेल, तर ड्रायव्हरसह गाडी घेणं शहाणपणाचं. तीन दिवसांत तीन घाट आणि एक एक्स्प्रेसवे एकट्याने चालवणं थकवणारं असतं.

भाड्याची गाडी घेताना नंबरप्लेट बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली टुरिस्ट गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याने घेऊन स्वतः चालवायची गाडी. इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी; खासगी असेल तर अक्षरं पांढरी, भाड्याची असेल तर पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी 'दोन पैसे स्वस्तात' मिळते तेव्हा एवढं लक्षात ठेवा : भाडं घेऊन माणसं नेताना अपघात झाला, तर खासगी वापराच्या विम्यावर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. वाचलेले दोन पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

चौघांसाठी छोटी सेडान पुरते. सहा जण असतील तर अर्टिगा किंवा इनोव्हा. पण सीएनजीच्या गाडीत मागे सिलिंडर असतो आणि सहा माणसांच्या बॅगा मावत नाहीत. कॅरिअर आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्यावं. घाटात सीएनजीवर गाडीची ओढ कमी पडते आणि प्रतापगड-महाबळेश्वर पट्ट्यात सीएनजीवर विसंबून राहता येत नाही. म्हणून पेट्रोलची टाकी पोलादपूरच्या आधीच भरलेली असावी.

भाड्याचा हिशेब

बाहेरगावच्या गाडीचा दर सांगताना ट्रॅव्हल्सवाले किलोमीटरचा दर सांगतात. तो ऐकून आपण एकूण किलोमीटरने गुणतो आणि आकडा मनात पक्का करतो. बिल येतं तेव्हा तो वेगळाच असतो. याचं कारण 'दिवसाला किमान ३०० किलोमीटर' ही अट. गाडी दिवसभरात शंभर किलोमीटर फिरली तरी पैसे तीनशेचेच लागतात.

आपल्या प्रवासाला हे लावून बघू. उलवे ते महाड अंदाजे १३०, महाड ते पाचाड २५ आणि परत २५, महाड ते पोलादपूर २०, पोलादपूर ते महाबळेश्वर ४०, तिथून पाचगणी-वाईमार्गे सातारा ६५, साताऱ्याहून पुणेमार्गे उलवे २४०, आणि आत-बाहेरचे ४० ते ५०. बेरीज ६०० च्या आसपास. तीन दिवसांचं किमान मात्र ९००. किलोमीटरला १५ रुपये दर धरला, तर चालल्याप्रमाणे ९,००० रुपये व्हायला हवेत, बिल होईल १३,५०० रुपयांचं. घाटातल्या प्रवासात हे नेहमी होतं, कारण तिथे दिवसाला तीनशे किलोमीटर होतच नाहीत.

म्हणून किलोमीटरचा दर विचारून थांबू नका. सगळा मार्ग सांगा, मुक्काम सांगा आणि तीन दिवसांचा एकरकमी आकडा मागा. बोलणी करायला वाव असतो, कारण गाडी कमी फिरणार म्हणजे मालकाचं डिझेल वाचणार. त्याच वेळी पुढच्या गोष्टी स्पष्ट करून घ्या आणि व्हॉट्सॲपवर लिहून मागवा :

- किलोमीटर कुठून मोजणार? 'गॅरेज टू गॅरेज' असेल आणि गाडी वाशीहून येणार असेल, तर वाशी-उलवे-वाशी तुमच्याच बिलात येईल. उलव्यातली किंवा पनवेलची गाडी त्यामुळे स्वस्त पडते.
- ड्रायव्हरचा रोजचा भत्ता किती, आणि रात्री उशिरापर्यंत गाडी चालली तर नाईट चार्ज कधीपासून लागतो?
- टोल, पार्किंग आणि महाबळेश्वर-पाचगणीचा प्रवासी कर कुणी भरायचा? बहुतेक वेळा हे भाड्याच्या वर असतं.
- ड्रायव्हरच्या राहण्याची सोय काय? मुक्कामाच्या लॉजवर ड्रायव्हरसाठी खोली आहे का, हे आपण विचारावं. जो माणूस सकाळी आपल्याला पोलादपूर-महाबळेश्वरमधला आंबेनळी घाट चढवणार आहे, त्याने रात्र सीटवर अवघडून काढलेली असू नये.

घरची गाडी असेल तर फास्टॅगकडे लक्ष द्या. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना वार्षिक पास मिळतो; सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांना होता. त्यात एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. पण तो राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांवर चालतो. पुणे-सातारा रस्त्यावरच्या आनेवाडी आणि खेड शिवापूर नाक्यांवर त्याचा उपयोग होतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि अटल सेतू राज्याच्या यंत्रणांकडे आहेत, तिथे फास्टॅगच्या खात्यातूनच पैसे कापले जातात. एक्स्प्रेसवेवर पूर्ण पल्ल्यासाठी कारला ३२० रुपये पडतात. खात्यात तेवढी रक्कम निघण्याआधी असू द्या. पिवळ्या पाटीच्या गाडीला वार्षिक पास मिळत नाही.

पहिला दिवस : उलवे ते रायगड

उलव्याहून पनवेल शहरात शिरायची गरज नाही. गव्हाण फाट्याला जेएनपीटीचा रस्ता धरायचा आणि पळस्पे फाट्याला मुंबई-गोवा महामार्गावर उतरायचं. या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरची वर्दळ मोठी. सकाळी सहापर्यंत निघालात तर हा टप्पा मोकळा मिळतो आणि कर्नाळ्याचं जंगल उन्हाआधी पार होतं. ट्रेलरच्या अगदी शेजारून फार वेळ चालू नका. त्याच्या ड्रायव्हरला बाजूची छोटी गाडी दिसत नाही. ओलांडायचं तर एकदाच नीट ओलांडा, नाहीतर मागेच राहा.

पुढे पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, महाड. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि किती वर्षं रखडलं, हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आजही कुठे सरळ काँक्रीट, कुठे वळवलेला रस्ता असा प्रकार भेटतो. वळवलेल्या जागी वेग कमी ठेवा, विशेषतः पहाटेच्या अंधारात. वडखळला अलिबागचा फाटा फुटतो. शनिवारी सकाळी कोंडी होते ती तिथेच. ते ओलांडलं की रस्ता मोकळा होतो. नाश्त्यासाठी कोलाड किंवा माणगाव बरं. सगळं धरून महाडला पोहोचायला तीन ते चार तास लागतात.

महाडमध्ये अर्धा तास चवदार तळ्यासाठी ठेवा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे सत्याग्रह केला आणि सार्वजनिक पाण्यावरचा माणसाचा हक्क बजावला. रायगडाला निघालेल्याने या तळ्यावर डोकं टेकवून पुढे जावं, असं मला मनापासून वाटतं.

महाडहून पाचाडचा रस्ता अरुंद, पण रम्य. पाचाडला जिजाऊंचा वाडा आणि समाधी आहे. राज्याभिषेक डोळ्यांनी पाहून अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्या गेल्या. गड चढण्याआधी इथे थांबलात तर वरचं सगळं वेगळ्या अर्थाने दिसतं.

गडावर जाण्याचे मार्ग दोन. पायऱ्यांनी चढायचं तर सवय असलेल्याला दीड-दोन तास. नसेल तर रोपवे, जो १९९६ पासून चालू आहे आणि काही मिनिटांत वर पोहोचवतो. शनिवार-रविवारी रोपवेची रांग लांबते, म्हणून तिकिटाची चौकशी आधी करा. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर रोपवेनेच जा, पण वरही चालणं बरंच आहे हे त्यांना आधी सांगा. राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वराचं मंदिर आणि महाराजांची समाधी नीट बघायला चार तास हवेत. राज्याभिषेकदिनी, तारखेने ६ जूनला आणि तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, लाखोंची गर्दी असते आणि गाड्या पाचाडच्या खूप अलीकडे थांबवतात. सोहळा अनुभवायचा असेल तर जरूर जा, गड बघायचा असेल तर दुसरा दिवस निवडा.

मुक्काम पाचाडला किंवा महाडला. इथे मोह होतो : सहाच वाजलेत, महाबळेश्वर गाठू, सकाळी तिथेच उठू. हा मोह टाळावा, कारण मधला आंबेनळी घाट मग अंधारात चढावा लागतो.

दुसरा दिवस : आंबेनळी

महाड ते पोलादपूर महामार्गच आहे. पोलादपूरला महामार्ग सोडून डावीकडे वळलं, की आंबेनळी घाट सुरू होतो. महाडजवळून वाहणारी सावित्री नदी उगम पावते ती क्षेत्र महाबळेश्वरला. आपण तिच्याच खोऱ्यातून तिच्या उगमाकडे चढत जातो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३५० मीटरच्या आसपास, म्हणजे चाळीस किलोमीटरमध्ये सव्वा किलोमीटरची उभी चढण.

चाळीस किलोमीटरला इथे दीड तास धरा. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, काही जागी एका बाजूला खोल दरी. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत कोसळली आणि तीस जणांचा जीव गेला. हा घाट दिवसाच चढायचा, हे मी पुन्हा सांगतो. रात्री वळणापलीकडची दरड, थांबलेला ट्रक किंवा गुरं दिव्याच्या झोतात येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

चढताना काय करायचं? वळणाच्या आधी गिअर खाली आणायचा, वळणात शिरल्यावर नव्हे. वळणावर हॉर्न द्यायचा आणि डावी बाजू सोडायची नाही. समोरून गाडी आली आणि रस्ता एकाच गाडीपुरता असेल, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. वाहन चालवण्याच्या नियमांतच हे आहे. कारण सोपं : चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड, ती मागे सरकण्याचा धोका. उतरणारी गाडी मात्र ब्रेक सोडला की निघते.

ड्रायव्हर चढावर एसी बंद करतो तेव्हा रागावू नका. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाचीच ताकद घेतो. सहा माणसं, सामान आणि तीव्र चढ असताना ती ताकद चाकांना हवी असते. शिवाय इंजिन तापतं ते वेगळंच. तापमानाचा काटा वर सरकू लागला तर रुंद जागा बघून गाडी थांबवा आणि तिला निवू द्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि उसळून अंगावर येतं.

मुलांना घाट लागतो, त्यावर साधे उपाय आहेत. निघताना पोट रिकामं ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. मोबाइल आणि पुस्तक बंद. ज्याला जास्त त्रास होतो त्याला पुढे बसवा आणि लांबवर बघायला सांगा. आलेपाक जवळ असू द्या.

घाटात वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा आहे. गाडी गडाच्या बरीच जवळ जाते, तिथून पायऱ्या. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखान पडला तो याच गडाच्या पायथ्याशी. तटावरून खाली जावळीचं खोरं बघितलं, की खानाला इथवर का यायला लावलं हे एका नजरेत कळतं : एवढी फौज या रानात पसरताच येत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. रायगड आणि प्रतापगड दोन्ही त्यात आहेत, आणि दोन्ही आपल्या या एकाच वाटेवर येतात.

उतार : पसरणीचा घाट

महाबळेश्वरहून साताऱ्याला जायच्या वाटा दोन. केळघर-मेढ्याची वाट अंतराने कमी, पण अरुंद. पाचगणी-वाईची थोडी लांब, पण रुळलेली. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी वाईची धरावी.

पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरतो. साधारण बारा किलोमीटरमध्ये गाडी पावणेसहाशे मीटर खाली येते. माणसांसकट दीड टनाच्या गाडीच्या अंगी त्या उंचीवर जी ऊर्जा असते, ती सगळी ब्रेकनेच शोषली, तर तेवढ्या उष्णतेवर पंचवीस लिटर थंड पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. ही उष्णता चाकांच्या छोट्या तबकड्यांत आणि पॅडमध्ये साठते. ब्रेक फार तापले की पॅडची पकड सुटते, ब्रेकच्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. यालाच लोक ब्रेक फेल झाले म्हणतात. गाडी नुकती सर्व्हिस झालेली असली तरी हे होऊ शकतं.

उपाय म्हणजे गिअर. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडीला रोखून धरतं आणि ब्रेक अधूनमधूनच लागतो. ब्रेक लावायचा तोही ठाम लावून सोडून द्यायचा. पाय सतत अलगद टेकवून ठेवला की तबकड्यांना निवायला वेळच मिळत नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअरच्या दांड्यावर L, २ किंवा मॅन्युअलची खूण असते, ती घाटाआधी समजून घ्या. इंधन वाचवायला न्यूट्रल करणारा ड्रायव्हर भेटला, तर त्याला तिथेच थांबवा. जळल्यासारखा वास आला तर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबा, आणि तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका.

खाली वाई. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोशाचा संसार. दुपारचं जेवण इथे करून पाचवडला महामार्ग धरला, की साताऱ्यात संध्याकाळच्या आत पोहोचता येतं.

सातारा आणि परतीची वाट

तिसऱ्या दिवशी सकाळी अजिंक्यतारा. शहराच्या डोक्यावरच्या या किल्ल्यावर वरपर्यंत गाडीरस्ता आहे. शाहू महाराजांच्या काळात निम्म्या हिंदुस्थानातले निर्णय साताऱ्याच्या नावाने झाले. १८४८ मध्ये डलहौसीने वारसा नामंजूर करून हे राज्य खालसा केलं. शहरातल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखं प्रथम मांडली गेली. वेळ असेल तर समर्थांचा सज्जनगड करा. कंदी पेढे घेऊन दुपारी एकपर्यंत निघा.

परतीला खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, खेड शिवापूर आणि मग कात्रजचा नवा बोगदा. त्यातून बाहेर पडलं की नवले पुलाकडे लांब उतार आहे. ब्रेक तापलेले जड ट्रक इथे अनेकदा आवरले नाहीत आणि मोठे अपघात झाले आहेत. या उतारावर ट्रकच्या पुढे रेंगाळू नका, अंतर ठेवून एका लेनमध्ये राहा. एक्स्प्रेसवेवर सपाटीला कारची मर्यादा ताशी १०० आणि बोरघाटात ६० किलोमीटर; कॅमेरे सर्वत्र आहेत आणि चलान घरी येतं. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायचा. पनवेलजवळ एक्स्प्रेसवे सोडून जेएनपीटी रस्त्याने गव्हाण फाटा गाठला की उलवे.

पावसाळ्यात आधी चौकशी

हा सगळा बेत ऑक्टोबर ते मेचा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं, महाड पाण्यात होतं आणि आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला. तेव्हापासून जोराच्या पावसात हा घाट बंद होणं नेहमीचं झालं आहे. निघायच्या आदल्या दिवशी पोलादपूर किंवा महाबळेश्वरच्या हॉटेलात फोन करून घाट चालू आहे का विचारा. त्यांना ताजी खबर असते.

घाट बंद असेल तर पर्याय तीन. महाडहून भोरला जाणारा वरंधा घाट, पण पावसात तोही बहुधा बंद असतो. माणगावहून ताम्हिणीमार्गे पुणे आणि तिथून सातारा, हा लांबचा पण जास्त भरवशाचा. तिसरा कशेडी ओलांडून चिपळूण, कुंभार्ली घाट आणि पाटणमार्गे साताऱ्याचा. त्याला दिवस पुरता लागतो. धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नका, मागच्याला आपण वळतोय की थांबलोय हे कळत नाही. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठेही ११२ हा क्रमांक आहे. घाटात फोनला रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि घाट चढण्यापूर्वी घरी कळवा की अमुक वाजता महाबळेश्वरला पोहोचू.

तीन दिवस मिळत नसतील तर घाईने दोन राजधान्या एका फेरीत कोंबू नका. दोन दिवसांत महाड-रायगड करून आलेल्या वाटेनेच परता आणि सातारा एक्स्प्रेसवेने वेगळा करा. त्यात भाडं थोडं जास्त जाईल, पण अंधारात आंबेनळी चढण्याची वेळ कुणावरही येणार नाही, आणि दोन्ही ठिकाणी शांतपणे उभं राहून बघायला वेळ मिळेल.